गुरुवारचा ताप

सुकुमारच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा पद्माला वाटलं, पुरणपोळ्या बाधल्या. भाचीच्या डोहाळजेवणाहून दोघं नुकतीच जयसिंगपूरला घरी परतली होती. तुपाची वाटी त्यानं दोनदा मागून घेतली होती, ते तिच्या नजरेतून सुटलं नव्हतं आणि घरी गेल्यावर त्यावरून त्याला चार शब्द सुनवायचे असं तिनं ठरवलंही होतं. पण चपला काढता काढताच तो दाराची चौकट धरून वाकला आणि तिथंच खाली बसला. आडवं पडवेना. गुडघे पोटाशी घेऊन पुढं झुकलं की जरा बरं वाटे. मागं टेकलं की कळ आरपार पाठीत जाई.

"आत कुणीतरी वेल्डिंग लावलंय," दात आवळून तो म्हणाला. आयटीआयमध्ये पोरांना वेल्डिंग शिकवण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. दुखण्यालासुद्धा त्याला तेच आठवलं.

उलट्या थांबेनात, तेव्हा शेजाऱ्यांच्या गाडीतून तिनं त्याला मिरजेच्या रुग्णालयात आणलं. तिथं पोटविकारांच्या प्रमुख होत्या डॉ. तरन्नुम बागवान. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "दारू किती घेता?"

इतक्या वेदनेतही सुकुमार चिडला. "बाई, आम्ही जैन. चातुर्मासात घरात कांदासुद्धा येत नाही."

"तरी विचारावं लागतं. हो की नाही, तेवढंच सांगा."

"नाही."

रक्तातलं लायपेज नावाचं पाचक द्रव्य असायला हवं त्याच्या कितीतरी पट वाढलेलं निघालं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. डॉक्टरांनी पद्माला बाहेर नेऊन कागदावर एक चित्र काढून दाखवलं. जठराच्या मागं एक आडवी, मक्याच्या कणसासारखी ग्रंथी असते, ती स्वादुपिंड. अन्न पचवणारे जहाल रस तिथं तयार होतात, पण तिथं असेपर्यंत ते झोपलेले असतात. आतड्यात पोचले की जागे होतात आणि कामाला लागतात. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी एकाच तोंडानं आतड्यात उघडतात. यांच्या पित्ताशयातला एक खडा घरंगळत आला आणि त्या तोंडाशी अडकला. रस तुंबले आणि घरातच जागे झाले.

"आणि?"

"आणि घरच पचवायला लागले. खडा आता आपोआप पुढं सरकलाय. पण जो दाह सुरू झालाय तो त्याच्या गतीनं चालणार. त्यावर असं औषध नाही. शिरेतून पाणी द्यायचं, वेदना कमी करायच्या, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळायची. बहुतेक जण आठवड्यात घरी जातात."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांसाठीच आमच्याकडं देहजुळा आहे," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांच्या कपाळावर एक बारीक आठी उमटली, ती पद्माला पुढं बरेच दिवस आठवत राहिली.

देहजुळ्याचं काम डॉ. निनाद खोत बघत. तिशीचा उत्साही माणूस. बोलताना सतत हातांनी हवेत आकार काढायचा. मोठ्या रुग्णालयांत हे तंत्र येऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेत केसाएवढी एक तार सरकवायची. ती रक्तातली साखर, कॅल्शियम, प्राणवायू, दाहाची द्रव्यं असं सगळं मिनिटामिनिटाला वाचते. पोटाभोवती पट्टा बांधायचा, तो अधूनमधून आपला आपणच सोनोग्राफी करतो. या सगळ्या माहितीतून संगणकात त्या माणसाचं आतलं शरीर उभं राहतं. तेच स्वादुपिंड, तीच मूत्रपिंडं, तीच फुप्फुसं. मग त्याचा काळ पुढं पळवायचा. हजार वेळा, दर वेळी किंचित वेगळा. माणूस मंगळवारात असताना त्याचा जुळा गुरुवारात, शुक्रवारात पोचलेला असतो.

"म्हणजे हवामानाच्या अंदाजासारखं," पद्मा म्हणाली. ती गावच्या सामुदायिक रेडिओवर रोज सकाळी हवामान वाचायची. द्राक्षबागायतदार तिच्या आवाजावर फवारणी ठरवत आणि अंदाज चुकला की तिलाच फोन करून झाडत.

"अगदी तसंच ताई! उपचार आधी जुळ्यावर करून बघायचे. त्याला मानवले तर यांना द्यायचे."

संमती द्यायच्या वेळी सुकुमारनं एकच अट घातली. "मला माझा उद्या दाखवायचा नाही. तिला दाखवा. मला आजचंच झेपेना झालंय."

त्यामुळं रोज सकाळी आणि संध्याकाळी पद्मा काचेच्या एका लहान खोलीत जाऊन पडद्यावर नवऱ्याला बघायची. निळसर रेघांचा देह, आत हळूहळू रंग बदलणारे अवयव, कोपऱ्यात वार लिहिलेला. पहिल्याच दोन दिवसांत जुळ्यानं आपली किंमत दाखवली. यांना पाणी कमी पडलं की मूत्रपिंडं सुकत होती, म्हणून जोरात पाणी चाललं होतं. जुळ्याची फुप्फुसं संध्याकाळी पाण्यानं भरून आली. दुपारीच सलाईनचा वेग कमी केला गेला. सुकुमारला जराशी धाप लागली, तेवढ्यावर निभावलं. पद्मा खोत डॉक्टरांच्या पाया पडायचीच बाकी होती.

सुकुमार सावरत गेला. नाकातल्या नळीतून पातळ खाद्य जाऊ लागलं, मग तोंडानं मुगाचं कढण. पण स्कॅनमध्ये दिसलं की स्वादुपिंडाचा शेपटाकडचा भाग मेला आहे आणि त्याभोवती पातळ द्रव साचलाय.

"हे घाबरण्यासारखं, पण लगेच काही करण्यासारखं नाही," बागवान डॉक्टरांनी सांगितलं. "मेलेला भाग निर्जंतुक असेल तर शरीर त्याच्याभोवती भिंत बांधतं. भिंत पक्की झाली की पुढं बघता येतं. त्यात जंतू शिरले तर मात्र गोष्ट वेगळी."

तिसरा आठवडा चालू होता. मंगळवारी सकाळी पद्मा काचेच्या खोलीत गेली तेव्हा पडद्यावर गुरुवार होता आणि जुळ्याला ताप होता. शुक्रवारी त्याच्या मूत्रपिंडांचा रंग काळवंडला. शनिवारी रक्तदाब कोसळला. खोत डॉक्टर हात न हलवता बोलत होते, आणि त्यावरूनच तिनं ओळखलं.

"साचलेल्या द्रवात जंतू शिरतायत, ताई. दाहाची द्रव्यं कालपासून चढतायत. असंच सोडलं तर शंभरातले साठएक जुळे रविवार बघत नाहीत. आज पोटातून नळी घालून तो द्रव काढला, तर निम्म्याहून जास्त वाचतात."

ती तिथून निघून सुकुमारच्या खाटेशी आली. तो उशाला टेकून बसला होता आणि वर्तमानपत्राच्या कडेला पेनानं कसल्यातरी फाटकाचं चित्र काढत होता.

"हे बघ. जिन्याखाली असं सरकतं फाटक केलं तर? जागा किती वाचेल!"

तिनं त्याच्या कपाळाला हात लावला. थंड. आज मंगळवार होता. तिला एकदम काही उमजेना. हा बसलाय तो खरा की तो पडलाय तो? "गुरुवारी तुम्हाला ताप होता," असं तिच्या तोंडून निघून गेलं.

"कुठल्या गुरुवारी?"

"काही नाही. कढण घेता का?"

दुपारी दोन्ही डॉक्टर तिच्यासमोर बसले आणि तिला कळून चुकलं की त्यांच्यातच एकमत नाही. बागवान डॉक्टर म्हणाल्या, "भिंत अजून कच्ची आहे. आत्ता टोचलं तर रक्तस्राव होऊ शकतो. आणि द्रव आज निर्जंतुक असेल, तर नळीच जंतूंना वाट करून देईल. त्यांचं पोट मऊ आहे, भूक लागतेय, ताप नाही. मी थांबेन."

खोत डॉक्टर म्हणाले, "मॅडम, ताप येईल तेव्हा उशीर झालेला असेल. तो येण्याआधी दिसावा म्हणून तर हे सगळं उभं केलंय."

"म्हणजे मी काय करू?" पद्मानं विचारलं.

तिनं उद्यापर्यंत वेळ मागून घेतला.

रेडिओवर सत्तर टक्के पाऊस म्हटलं आणि नाही पडला, तर लोक शिव्या घालून मोकळे होतात. पण ढगाला अंदाज ऐकू येत नाही. तिला आला होता. अंदाज ऐकल्यापासून ती नवऱ्याशी धड बोलू शकत नव्हती. त्याच्या हातातला पेला घेताना तिला वाटे, हा हात शनिवारी गार पडलाय. घरात दोघंच; मूलबाळ नाही. सांगणार कुणाला? त्या गोंधळातच तिनं फोन उचलला आणि सहा वर्षांत न लावलेला नंबर लावला.

"अण्णा, मी पद्मा. हे शनिवारी..." पुढचं क्रियापद तिला सुचेना. "तुम्ही या," एवढंच ती म्हणाली.

श्रेणिक मगदूम म्हणजे सुकुमारचा थोरला भाऊ. इचलकरंजीत राहायचा, पंचक्रोशीतल्या मंदिरांचं संगमरवराचं काम करायचा. सहा वर्षांपूर्वी दोघांच्या आईनं, शरीर थकल्यावर, सल्लेखनेचं व्रत घेतलं होतं. अन्न सोडलं, मग पाणी सोडलं, आणि नामस्मरण करत शांतपणे गेली. सुकुमारला ती दवाखान्यात हवी होती. हृदयाची झडप बदलता आली असती, असं एका डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं. तो गाडी घेऊन दाराशी गेला, तर श्रेणिक उंबऱ्यात उभा राहिला. "तिनं ठरवलंय," एवढंच म्हणाला. त्यानंतर दोघं भाऊ बोलले नाहीत.

बुधवारी सकाळी श्रेणिक आला. पांढरा सदरा, हातात केळी. दारातच थबकला. सुकुमारनं वर पाहिलं. पेन खाली ठेवलं.

"किती दिवस राहिलेत?" त्यानं भावाला नाही, पद्माला विचारलं.

"काय बोलताय भलतंच!"

"हा माणूस माझ्याकडं येतो म्हणजे मी चाललो असणार. सांग. काय दिसतंय त्या पडद्यावर?"

त्यानं बघायचं नाही म्हणून सांगितलं होतं आणि तिनं पाळलंही होतं. पण श्रेणिकच्या नुसत्या येण्यानं तिनं सगळं सांगून टाकलं होतं, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. मग तिनं उरलेलंही सांगितलं. गुरुवारचा ताप, शनिवार, नळी, दोन डॉक्टरांची दोन मतं. बोलताना काळांची सरमिसळ होत होती, सुकुमार मध्येच "म्हणजे झालंय की होणारंय?" असं विचारत होता.

ऐकून झाल्यावर पहिल्यांदा श्रेणिक बोलला. "नळी घाला. आजच. यंत्र दाखवतंय तर वाट कशाची बघायची?"

"तू म्हणतोस हे?" सुकुमारनं त्याच्याकडं रोखून पाहिलं.

"मी म्हणतोय."

"मला थांबावंसं वाटतंय. बागवानबाई म्हणतात तसं. आज मला बरं वाटतंय, अण्णा. बऱ्या माणसाच्या पोटाला भोक कशाला?"

"अरे, आज बरं वाटतंय याला काही अर्थ आहे का? हे सगळं करता येत असताना हातावर हात ठेवून बसायचं?" श्रेणिकचा आवाज चिरकला. "मला तू हवा आहेस. मला बाकी काही कळत नाही."

"मलापण आई हवी होती," सुकुमार म्हणाला.

श्रेणिकनं केळी टेबलावर ठेवली. त्यातलं एक सुटून खाली पडलं, ते त्यानं वाकून उचललं आणि हातातच धरलं. पद्माला वाटलं, आता हा निघून जाणार. पण तो गेला नाही.

"तिचं तिनं ठरवलं होतं," शेवटी तो हळू म्हणाला.

"मग माझं मी ठरवतोय. थांबायचं. ताप आला तर बघू."

बागवान डॉक्टरांनी त्याचं म्हणणं पुन्हा एकदा त्याच्याकडूनच ऐकलं आणि लिहून घेतलं. जाताना खोत डॉक्टरांनी पद्माला सांगितलं की नळीचं सामान ते तयार ठेवतायत.

गुरुवारी सकाळी ताप आला.

थंडी वाजून, दात कडकडवत आला. नर्सनं दोन ब्लँकेटं घातली. काचेच्या खोलीत जायचीसुद्धा पद्माला गरज नव्हती. पडद्यावर होता तोच माणूस आता खाटेवर होता. दुपारपर्यंत सुकुमार बरळायला लागला. "कडेनं धर रे, कडेनं धर," असं तो आयटीआयच्या कुठल्याशा पोराला सांगत होता. त्याची सही आता कुणी घेतली नसती. ठरवायचं पद्मानं.

तातडीचा स्कॅन झाला. आणि त्यात गोंधळ आणखी वाढला, कारण साचलेला द्रव होता तसाच होता. जंतू शिरले की आत हवेचे बुडबुडे दिसतात, भोवतीची सूज वाढते. तसलं काही नव्हतं.

"बुडबुडे दर वेळी दिसतातच असं नाही," खोत डॉक्टर म्हणाले. "जुळ्यानं ताप सांगितला होता आणि ताप आला. आता तरी नळी घालू या मॅडम."

"ताप सांगितला, तो खरा," बागवान डॉक्टर म्हणाल्या. त्या सुकुमारच्या खाटेशी उभ्या होत्या. त्यांनी त्याच्या पोटावर हात ठेवला, मग हळूहळू वर आणला. छातीवरून गळपट्टीपर्यंत. तार जिथं आत जायची तिथली चिकटपट्टी त्यांनी उचलली. खालची कातडी किंचित लालसर होती. लक्ष देऊन पाहिलं तरच दिसावी इतकी. "निनाद, जुळ्याला ही तार आहे का?"

"म्हणजे?"

"तू संगणकात यांचं स्वादुपिंड उभं केलंस, मूत्रपिंडं केलीस. त्या देहात ही तार आहे का? शिरेत तीन आठवडे राहिलेली तार?"

खोत डॉक्टर बोलायला लागले आणि थांबले. त्यांचा हवेत उचललेला हात तसाच राहिला. "नाही," ते म्हणाले. "त्याच्या अंगात तार नाही. तार फक्त यांच्या अंगात आहे."

पद्माला समजायला वेळ लागला. बागवान डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. शिरेत राहिलेल्या तारेवर कधी कधी जंतू वस्ती करतात. मग रक्तातली दाहाची द्रव्यं हळूहळू चढायला लागतात. ती तारेनंच वाचली आणि संगणकाला कळवली. संगणकाला बिघडण्यासारखी एकच जागा माहीत होती, पोट. म्हणून त्यानं आग पोटात लावली.

"म्हणजे पोटात काही नाही?"

"असं मी म्हटलेलं नाही. दोन्ही शक्य आहे. तार असेल, पोट असेल. माझा कौल तारेकडं आहे. ती काढू, प्रतिजैविकं सुरू करू आणि उद्या संध्याकाळपर्यंत बघू. ताप हटला नाही तर मी स्वतः नळी घालीन."

"खात्री आहे तुम्हाला?"

"नाही."

"मग कशावरून?"

"तार काढून चूक झाली, तर दुसरी घालता येईल. पोटातल्या स्वच्छ द्रवात एकदा जंतू गेले, की त्यांना परत बाहेर बोलावता येत नाही."

तार काढली की पडदा आंधळा होणार होता. उद्या कसा असेल हे कुणालाच कळणार नव्हतं. गेले तीन आठवडे पद्मा त्या पडद्याला चिकटून राहिली होती. पहिल्या दोन दिवसांत त्यानंच तर यांना वाचवलं होतं. तो तेव्हा खरा आणि आता खोटा कसा? की आताही खराच?

ती बाहेर आली. श्रेणिक बाकावर बसून होता. त्याला तिनं सगळं सांगितलं.

"नळी," तो म्हणाला. "पद्मा, माझं ऐक. नळीही घालू दे आणि तारही काढू दे. सगळंच करू दे."

"सगळंच करणं म्हणजे काहीच न ठरवणं, अण्णा." हे आपण कुठून बोललो, ते तिचं तिलाच कळलं नाही. "मी नुसती तार काढा म्हणणार आहे. आणि हे गेले, तर तुम्ही मला आयुष्यभर म्हणणार, की मी करता येत असताना केलं नाही. सहा वर्षं हे तुमच्याबद्दल म्हणत होते तसं. म्हणाल ना?"

श्रेणिकनं वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि रागही होता. कुठला कशावरचा ते सांगता आलं नसतं.

"म्हणेन बहुतेक," तो म्हणाला. मग त्यानं डोळे पुसले. "जा. सही कर."

तिनं सही केली. तार काढली तेव्हा ती इतकी बारीक होती की नर्सच्या चिमट्यात आहे की नाही तेही दिसेना. तिचं टोक तपासणीला गेलं. काचेच्या खोलीतला निळा देह वारासकट थिजला. शनिवारवर.

त्यानंतरचा काळ पद्माला नीटसा आठवत नाही. बघायला पडदा नव्हता म्हणून ती नवऱ्याकडंच बघत बसली. त्याचे ओठ सुकलेले होते, ते ती ओल्या कापसानं पुसायची. तो तिला मध्येच ओळखायचा, मध्येच "बाई" म्हणायचा. शुक्रवारी दुपारी त्याला घाम फुटला. तिला वाटलं, रक्तदाब कोसळतोय, ती किंचाळलीच. नर्स धावत आली, तिनं तपासलं आणि म्हणाली, "ताप उतरतोय मावशी."

तारेच्या टोकावर जे जंतू सापडले, तेच रक्तातही सापडले.

शनिवारी सुकुमारनं मुगाचं कढण मागितलं. ती पेला धरून उभी राहिली आणि तिला देता येईना. या दिवसासाठी तिच्याजवळ एकच चित्र होतं, आणि त्यात हे नव्हतं.

खोत डॉक्टर तिला भेटायला आले. बसले. "ताई, मंगळवारी नळी घातली असती, तरी गुरुवारी ताप आलाच असता. आणि आम्ही समजलो असतो की नळी कमी पडली. मग आणखी आत शिरलो असतो. किंवा कदाचित काही बिघडलं नसतं. हे आता कळायचा मार्ग नाही."

"पण पहिल्या दिवसांत तुमच्यामुळंच..."

"हो. तेही खरं."

त्यानंतरही सगळं सरळ झालं नाही. भिंत पक्की झाली, पण तिच्या आत साचलेल्या द्रवाचा फुगवटा जठराला दाबू लागला. सुकुमारला दोन घास गेले की ओकारी यायची. तेव्हा तोंडातून दुर्बीण घालून, जठराच्या आतूनच त्या फुगवट्याला वाट करून दिली गेली आणि तो सावकाश रिकामा झाला. या वेळी दोन्ही डॉक्टरांचं एकमत होतं. मग पित्ताशय काढलं. घरी आला तेव्हा त्याचे कपडे त्याच्या अंगावर नुसते लोंबत होते. रक्तात साखर राहायला लागली होती, आणि दर जेवणाबरोबर पाचक द्रव्याच्या गोळ्या घ्याव्या लागत होत्या. आयटीआयनं त्याला बसून शिकवायचे वर्ग दिले.

तो कामावर जायला लागल्यानंतरच्या पहिल्या रविवारी श्रेणिक जेवायला आला. ऊन कलायच्या आतच पानं वाढायची होती, कारण तो दिवस मावळल्यावर खात नसे. पद्मा भाकरी थापत होती आणि माजघरातलं बोलणं ऐकत होती. सुरुवातीला नुसतेच चमच्यांचे आवाज. मग संगमरवराचे भाव. मग सुकुमारचा आवाज आला.

"अण्णा, तू आलास, राहिलास, ते सगळं खरं. पण आईच्या वेळी झालं ते चूकच होतं. हे मी मरताना पण म्हणणार."

"आणि मी पण म्हणणार, ते बरोबर होतं."

"तिला झडप बसवता आली असती!"

"तिला बसवायची नव्हती!"

"मग मला कशाला नळी घाल म्हणून मागं लागला होतास? तेव्हा कुठं गेलं होतं तुझं ठरवणं-बिरवणं?"

"ते मला माहीत नाही!" श्रेणिक ओरडला. पाट सरकल्याचा आवाज झाला. "माझ्या आईचं मला कळलं होतं. तुझं नाही कळलं. झालं?"

पद्मा पिठाच्या हातांनी बाहेर आली तर तो चूळ भरून चपला पायात सरकवत होता. ताटात अर्धी भाकरी तशीच. सुकुमार मान खाली घालून गोळीचं पाकीट फोडत होता. एवढं सगळं करून पुन्हा तिथंच? ती श्रेणिकच्या मागं दारापर्यंत गेली. अडवावं की जाऊ द्यावं, काही सुचेना. त्यानं मागं वळून पाहिलं. चेहरा अजून लाल होता.

"पुढच्या रविवारी मला कुंभोजला काम आहे," तो म्हणाला. "सोमवारी आलो तर चालेल का?"

"चालेल की," पद्मा म्हणाली.

"विचार त्याला."

तिनं आत वळून विचारलं. सुकुमारनं पाण्याचा घोट घेतला, गोळी गिळली. "सोमवारी मला साडेचारपर्यंत वर्ग असतोय," तो भिंतीकडं बघत म्हणाला. "त्यानंतर म्हणावं. आणि इतकी केळी आणू नको म्हणावं, मला साखर आहे."

श्रेणिकनं ते ऐकलं होतं. तरी पद्मानं ते त्याला पुन्हा, शब्द न शब्द, सांगितलं. मग तो गेला. या दोघांचा समेट झाला की भांडण पुन्हा सुरू झालं, हे तिला सांगता आलं नसतं. ती आत आली आणि तिनं उरलेल्या पिठाची भाकरी तव्यावर टाकली.